यंत्र उठेपर्यंत उभे

आमच्या प्रयोगशाळेत खुर्च्या भरपूर होत्या. पण संगणक पूर्ण उठेपर्यंत त्यांवर बसण्याची परवानगी नव्हती. बटण दाबले जाई, पंखा घुरघुरू लागे, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागत आणि आम्ही सगळे आपापल्या टेबलामागे राष्ट्रगीताला उभे राहावे तसे उभे. शेवटी वापरणाऱ्याचे नाव विचारणारी ओळ उमटली की सर आपली खुर्ची ओढत आणि म्हणत, "उठला. आता आपण बसायला हरकत नाही."

नाशिकमधल्या एका कॉलेजात, संगणकशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच तासाला हा प्रकार पाहून मी हात वर केला. कारण न सांगता करायला लावलेली कोणतीही गोष्ट मला तेव्हा सहन होत नसे. अजूनही होत नाही.

"सर, उभं राहिल्यानं तो लवकर सुरू होतो का?"

"नाही हो," सर म्हणाले. ते सगळ्या विद्यार्थ्यांना अहो-जाहो करीत. अरे-तुरे फक्त यंत्रांना. "पण बसलेला माणूस गप्पा मारतो. आणि जे काही महत्त्वाचं आहे, ते नेमकं तेवढ्यात होऊन जातं."

सर उंच होते, पण पडद्यांत वाकून पाहण्याच्या सवयीने त्यांची मान कायमची थोडी पुढे आलेली होती. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर असे आणि हजेरीसाठी ते आमच्याचकडून पेन मागून घेत. ते ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवीत. अभ्यासक्रमात संगणक सुरू कसा होतो याला जेमतेम एक परिच्छेद होता. सर तो परिच्छेद दिवाळीपर्यंत शिकवीत. उरलेला सगळा अभ्यासक्रम त्यानंतर अशा वेगाने संपे की वह्यांतली अक्षरे तिरकी होत. याबद्दल कुणी तक्रार केली तर त्यांचे उत्तर ठरलेले होते: "बाकीचं सगळं याचंच पुढचं आहे."

प्रारंभ हे त्यांचे वेड होते आणि ते केवळ संगणकापुरते नव्हते. लग्नाचे आमंत्रण आले की ते मांडवाचा पहिला बांबू रोवला जाताना हजर असत आणि पंगत बसण्याआधी घरी परतलेले असत. पहाटे बसस्टँडवर जाऊन येवल्याची पहिली एसटी सुटताना पाहणे हा त्यांचा रविवारचा विरंगुळा होता. बसमध्ये ते कधी चढले नाहीत. त्यांची लुना पायडल मारून सुरू होई, न होई, पुन्हा मारावे लागे. त्या प्रत्येक प्रयत्नात ती कुठवर पोचली हे ते मोठ्याने सांगत असत आणि कॉलेजच्या फाटकातले रिक्षावाले ते ऐकायला जमत.

दिंडोरीकडे त्यांच्या धाकट्या भावाची द्राक्षबाग होती. एका वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर ते आम्हा काही जणांना तिथे घेऊन गेले. बाग सगळी उघडी, नुसत्या काड्या. सर वेलीवेलीपाशी वाकून कोणता डोळा आधी फुटतो ते पाहत होते. भाऊ आम्हाला चहा देता देता म्हणाला, "दादाचं हे दरवर्षीचं आहे. डोळे फुटेस्तोवर रोज फोन, दर रविवारी चक्कर. एकदा का हिरवं दिसलं की गायब. घड लागले का, माल कसा आला, काही विचारायचं नाव नाही."

"ते तुझं काम," सर वेलीतूनच म्हणाले.

"पेटी पाठवली तर शेजाऱ्यांना वाटून टाकतो, बघा."

सरांनी हे नाकारले नाही. त्यांच्या लेखी द्राक्ष म्हणजे आधीच कळलेली गोष्ट होती. हा नियम त्यांनी माझ्या माहितीत एकदाच मोडला. माझ्या शेवटच्या वर्षाच्या मार्चमध्ये, हृदयावरच्या शस्त्रक्रियेनंतर कॉलेजात परतताना ते द्राक्षांची पेटी घेऊन आले, टेबलावर ठेवली, एक द्राक्ष तोंडात टाकले आणि विचार करून म्हणाले, "हेही चांगलं आहे." त्या शस्त्रक्रियेआधी जे घडले ते मला सांगायचे आहे. पण त्यासाठी सर नेमके काय शिकवीत ते आधी सांगायला हवे.

संगणकाच्या आत एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असतात आणि सरांच्या त्या प्रणालीत प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमला एक क्रमांक मिळतो. नवा प्रोग्रॅम शून्यातून येत नाही. आधीच चालू असलेला एखादा प्रोग्रॅम स्वतःची हुबेहूब प्रत काढतो आणि ती प्रत मग दुसरे काम अंगावर घेते. म्हणजे प्रत्येकाला पालक असतो. इथवर सांगून सर थांबत आणि खिशातला स्क्रू-ड्रायव्हर फळ्यावर टेकवून विचारीत, "मग पहिल्याचा पालक कोण?"

त्या वर्षी उत्तर दिले शबानाने. ती येवल्याची; तिच्या घरी पैठणीचे माग होते. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे नवा ताणा, म्हणजे उभे धागे, रिकाम्या मागावर चढवत नाहीत. जुन्या ताण्याची टोकं मागावर तशीच ठेवलेली असतात. त्यांना नवा एकेक धागा बांधायचा आणि ओढून घ्यायचा."

"मग तो माग पहिल्यांदा कुणी भरला?"

"ते अब्बांनाही माहीत नाही. त्यांच्या आधीपासून भरलेलाच आहे."

सर इतके खूश झाले की त्यांनी तास सोडून तिला मागाबद्दलच विचारायला सुरुवात केली. मग भानावर येऊन म्हणाले, "अब्बांना माहीत नाही, पण आपल्याला माहीत आहे. कारण इथला माग रोज सकाळी नव्यानं भरावा लागतो. वीज गेली की टोकंसुद्धा शिल्लक राहत नाहीत."

आणि मग ते उत्तर सांगत. वीज येताच बोर्डावरची एक चिप जागी होते. तिला फार थोडे कळते. इतकेच की डिस्कच्या सुरुवातीचा छोटासा तुकडा वाचायचा. तो तुकडा त्याहून मोठा तुकडा आणतो आणि तो प्रणालीचा गाभा आणतो. गाभा स्मृती मोजतो, कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत ते पाहतो, घर लावतो. मग, कुणाची प्रत काढण्यासारखे कुणीच नसताना, गाभा स्वतःच्या हाताने एक आणि एकच प्रोग्रॅम उभा करतो. त्याचा क्रमांक एक. यानंतर जे काही चालेल ते या एक नंबरचे मूल, नातू, पणतू. कुणाचा पालक मध्येच संपला तर ते पोरके मूलही एक नंबरच्या पदरात येते.

"एक नंबर काय काय करतो?" सर विचारीत आणि स्वतःच उत्तर देत. "जवळजवळ काही नाही. दुसऱ्यांना सुरू करतो आणि वाट पाहतो. कुणी संपलं तर त्याचं आवरतो आणि पुन्हा वाट पाहतो. एवढंच. पण त्याला स्वतःला संपायची परवानगी नाही."

हे वाक्य ऐकून सगळे मान डोलावीत. मग सर आम्हाला त्याचा अर्थ समजावीत, आणि तो समजावण्याची त्यांची रीत अशी होती की पहिल्याला संपू देण्याची चूक आम्ही स्वतःच करून पाहावी. गाभ्याला सुरू होताना एक ओळ सांगता येते: नेहमीच्या पहिल्या प्रोग्रॅमऐवजी हा चालव. सर प्रत्येक विद्यार्थ्याला आपला स्वतःचा प्रोग्रॅम लिहून त्या जागी बसवायला लावीत. नवखा विद्यार्थी काय लिहिणार? पडद्यावर आपले नाव छापणे. मीही तेच लिहिले. यंत्र उठू लागले, ओळी धावल्या आणि सर्वांत शेवटी, संपूर्ण यंत्राचा पहिला शब्द म्हणून, माझे नाव पडद्यावर उमटले. मी वर्गाकडे वळून पाहते न पाहते तोच त्याखाली दुसरी ओळ आली: पॅनिक. कळफलक मेला. पंखा तेवढा चालू.

"काय झालं?" सरांनी अतिशय आनंदाने विचारले.

"माझा प्रोग्रॅम बरोबर चालला, सर. नाव छापलं."

"आणि मग?"

"मग संपला."

"बरोबर. पहिला संपला. आता गाभ्यानं कुणासाठी जगायचं?"

दुसऱ्या प्रयत्नात मी तो संपणारच नाही अशी व्यवस्था केली. नाव छापून झाल्यावर एकाच ओळीभोवती अखंड फिरत राहणारा प्रोग्रॅम. यंत्र जिवंत राहिले. पण काहीही टंकले तरी ते ऐकेना. शबाना माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "आमच्या मोठ्या चुलत्यांसारखा आहे गं. दिवसभर कामात, आणि काम काय ते कुणाला माहीत नाही." तिसऱ्या प्रयत्नात माझ्या प्रोग्रॅमने स्वतःची प्रत काढली, त्या प्रतीला आज्ञा ऐकणाऱ्या प्रोग्रॅमचे काम दिले आणि स्वतः बाजूला राहून वाट पाहू लागला. पडद्यावर आज्ञेची खूण आली. मी एक अक्षर टंकले आणि ते उमटले. त्या क्षणी मी काय करणार आहे हे माझे ठरले, असे मी आज म्हटले तर ते थोडे सोयीचे होईल. पण आज मी पुण्यात उपकरणांच्या आतला, वीज येताच सर्वांत आधी चालणारा भाग लिहिते, हे खरे आहे.

सर माणसांनाही क्रमांक देत. घरातला एक नंबर म्हणजे काकू, त्यांच्या पत्नी. स्वतःला ते शून्य म्हणवीत. गाभ्याचा सर्वांत पहिला धागा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामाची ओळ, शून्य क्रमांकाचा असतो आणि पुढे कुणालाच काही काम नसले की तेवढ्या वेळात तो चालतो. चालत्या प्रोग्रॅमांच्या यादीत तो दिसतही नाही. एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो असताना सरांनी ही उपमा आमच्यासमोर काकूंना ऐकवली.

काकू पोह्यांवर खोबरे घालत होत्या. म्हणाल्या, "दिसत नाही हे खरंय. गॅस संपला, नळ आला, कुणी दार वाजवलं, की बरोबर दिसत नाहीत."

आता प्रयोगशाळेबद्दल. तिच्यात एक सर्व्हर होता आणि बाकीची यंत्रे अंबडच्या एका कारखान्याने मोडीत काढलेली. सरांनी ती टेम्पोत घालून आणली होती. त्यांच्या पोटात डिस्क नव्हती. गाभा फ्लॉपीवरून चढे आणि पुढचे सगळे, एक नंबरसकट, तारेवरून सर्व्हरकडे मागून घेई. सर्व्हर तोवर उठलेला नसला तर गाभ्याला एक नंबर मिळत नसे आणि तो 'पॅनिक' लिहून कायमचा थांबे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी सर्व्हर, मग बाकीचे. त्यातही अडचण होती. वीज अचानक गेली की सर्व्हरच्या डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहतात. उठताना तो त्या तपासतो आणि शंका आली की थांबून विचारतो: हे दुरुस्त करू का? हेही करू का? सर प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचीत, विचार करीत आणि मग उत्तर देत.

ते भारनियमनाचे दिवस होते. वीज रोज जाई, कधी सांगून, कधी न सांगता. सर्व्हरसाठी घेतलेल्या यूपीएसची बॅटरी केव्हाच गेली होती आणि तो दाराला टेकण म्हणून लावलेला असे. वीज परत आली की सर जिथे असतील तिथून, अर्धा चहा टाकून, जिना चढून धावत. सर्व्हरच्या बटणाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. हा नियम सर्वांत कसोशीने पाळत ते आमचे शिपाई, निवृत्तीमामा. ते पेठकडचे. वीज आली की ते दारात उभे राहून दोन्ही हात वर धरत आणि जिन्याकडे तोंड करून सांगत, "लाईट आली सर. मी हात नाय लावला बरं का."

माझ्या शेवटच्या वर्षी, जानेवारीत, सर एका तासाच्या शेवटी म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझी बायपास आहे. म्हणजे काय, मला बंद करून पुन्हा सुरू करणार. काही आठवडे मी नसेन." एवढे सांगून ते फळा पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य प्रयोगशाळेत आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना वेळापत्रक सांभाळायचे होते.

"सर, तुमच्या तब्येतीची काळजी आहेच. पण प्रात्यक्षिक परीक्षा त्याच दिवसांत आहे. तुम्ही नसताना ही लॅब सुरू कोण करणार?"

"कुणी नाही. परीक्षा पुढे ढकला."

"विद्यापीठ माझ्या सांगण्यानं ढकलतं का? खाली नवीन लॅब आहे. तिथं बटण दाबलं की सुरू होतं, चित्र येतं, संगीत वाजतं. निवृत्तीसुद्धा सुरू करतो."

"ते चित्र म्हणजे पडदा आहे," सर म्हणाले. "आत जन्म चाललाय आणि बाहेर बँड लावलाय."

"असेल. पण जी लॅब एका माणसावाचून चालत नाही, ती मी किती दिवस ठेवू?" प्राचार्यांनी एकदा त्या जुन्या यंत्रांकडे नजर फिरवली आणि मग अट घातली. पुढच्या सोमवारी सरांनी घरी थांबायचे. निवृत्तीमामा मुख्य खटका वर करतील, दुसरे काही करणार नाहीत, विद्यार्थीही कशाला हात लावणार नाहीत. अर्ध्या तासात सगळी यंत्रे उठली तर परीक्षा इथे आणि लॅब कायम. नाही उठली तर परीक्षा खाली आणि ही यंत्रे भंगारात.

खालच्या प्रयोगशाळेत एक नंबरला हात लावायची सोय नव्हती. ही खोली गेली असती तर आमच्यानंतर त्या कॉलेजात कुणाचे नाव यंत्राचा पहिला शब्द झाले नसते. आणि शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाने आपल्या मागे ही खोली रिकामी होताना पाहिली असती.

प्राचार्य गेल्यावर मी माझा विचार मांडला. त्यात दोनच बदल होते. सर्व्हरने प्रश्न विचारायचे थांबवून सगळ्या दुरुस्त्यांना स्वतःच होकार द्यायचा. आणि बाकीच्या यंत्रांच्या गाभ्यांना आणखी एक ओळ सांगायची: घाबरून थांबलात तर थोड्या वेळाने आपणहून पुन्हा सुरू व्हा. सर्व्हर उठेपर्यंत ती पडत राहतील आणि उठत राहतील. मग क्रम सांभाळायला माणूस लागणार नाही.

सरांना दोन्ही बदल अमान्य होते.

"डोळे झाकून होकार देणारी माणसं मी लग्नात पाहिलीत. सर्व्हरवर नकोत."

"सर, लग्नात कुणी एकेक प्रश्न वाचत बसलं तर जेवण गार होतं," शबाना म्हणाली.

"आणि ही बाकीची? पडायचं, उठायचं, पुन्हा पडायचं? याला काय उठणं म्हणतात?"

"तुमची लुना अशीच उठते, सर," मी म्हणाले.

कुणीतरी हसले, सर हसले नाहीत. ते फ्लॉप्या एकावर एक रचत राहिले. तेव्हा मी जे मनात होते ते स्पष्ट बोलले. "तुम्हीच शिकवलंत की एक नंबर स्वतः जवळजवळ काही करत नाही. दुसऱ्यांना सुरू करतो आणि वाट पाहतो. मग या खोलीतला एक नंबर सगळी कामं स्वतः का करतो?"

 सरांनी फ्लॉप्या खाली ठेवल्या आणि ते बाहेर गेले. निवृत्तीमामा दारातून आत बघून हळूच म्हणाले, "लय बोललीस पोरी."

सर परतले तेव्हा त्यांच्या हातात चहाचा पेला होता आणि पेला रिकामा होता. त्या वर्षात मी त्यांना पूर्ण चहा प्यायलेले प्रथमच पाहिले. त्यांनी रुमालाने सर्व्हरचा कळफलक पुसला आणि त्याच्यासमोर खुर्ची आणून ठेवली.

"बसा," ते मला म्हणाले.

"सर, अजून तो उठलेला नाही."

"तुम्ही उठवणार आहात. उठवणाऱ्याला बसायला परवानगी आहे."

तो आठवडा आम्ही ते काम केले. शबानाने सगळ्या फ्लॉप्या नव्याने लिहिल्या, मी सर्व्हरच्या एक नंबरला कोणती कामे कोणत्या क्रमाने सुरू करायची ते पुन्हा लावून दिले. सर बाहेर व्हरांड्यात उभे राहत. त्यांना पडदा दिसत नसे, पण फ्लॉपीच्या खरखरीवरून आतले यंत्र कुठवर उठले हे ते ओळखत. मुद्दाम खटका पाडून चाचणी घेतली की खरखर सुरू होई, थांबे, पुन्हा सुरू होई; आणि दर वेळी व्हरांड्यातून पाय अस्वस्थपणे सरकल्याचा आवाज येई. एकदाच ते दारात येऊन म्हणाले, "परत परत पडतात, पण चिडत नाहीत. हे मला जमलं नसतं."

सोमवारी सकाळी सर आले नाहीत. प्राचार्य घड्याळ पाहत आले. आम्ही भिंतीला लागून उभे होतो. सगळ्या यंत्रांची बटणे शनिवारपासून दाबलेलीच होती; बंद होता तो फक्त मुख्य खटका. निवृत्तीमामा खटक्यासमोर थांबले.

"वर करा," प्राचार्य म्हणाले.

"मी? सर ओरडतील."

"आज सर नाहीत."

"म्हणून तर," मामा म्हणाले. मग त्यांनी चप्पल काढली, खटक्याला नमस्कार केला आणि तो वर केला.

सगळे पंखे एकदम सुरू झाले. फ्लॉप्या खरखरल्या. पांढऱ्या ओळी सगळ्या पडद्यांवर धावल्या आणि थोड्याच वेळात, एकामागून एक, तोच शब्द उमटत गेला. प्राचार्य जवळच्या पडद्यापाशी वाकले.

"पॅनिक? हे काय लिहिलंय?"

"सर्व्हर अजून उठला नाही, सर. शनिवारी वीज अचानक गेली होती. तो डिस्क तपासतोय."

"मग ही मेली ना?"

"नाही. वाट पाहताहेत."

माझा आवाज मी ठरवला होता तितका ठाम निघाला नाही. सर्व्हरच्या पडद्यावर तपासणीचे आकडे अगदी सावकाश सरकत होते. बाकीची यंत्रे पुन्हा सुरू झाली, पुन्हा पडली. शबाना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. यंत्रे तिसऱ्यांदा पडली तेव्हा प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. निर्णय सांगायच्या आधी ते नेहमी तसे करीत.

आणि सर्व्हरवर प्रश्न आला. त्याच्यापाठोपाठ, कुणीही काही न टंकता, होकार आला. दुसरा प्रश्न, दुसरा होकार. मग ओळी भरभर धावल्या आणि नाव विचारणारी ओळ उमटली.

 खिडकीजवळचे यंत्र आपल्या नव्या फेरीला सुरू झाले. ओळी आल्या, नेहमी जिथे पडत होते तिथे क्षणभर थबकले आणि पुढे गेले. त्याने नाव विचारले. मग त्याच्या शेजारचे. मग दारापाशी दोन एकदम. आपापल्या फेरीत, ज्याच्या त्याच्या वेळेने, कुणाचाही हात न लागता ती उठत गेली. शेवटचे राहिले ते सर्वांत जुने, कोपऱ्यातले; त्याची फ्लॉपी मध्येच अडखळली आणि आम्ही सगळेच, प्राचार्यांसह, नकळत त्याच्याकडे एक पाऊल सरकलो. मग तेही उठले.

"मी काय केलं नाय," निवृत्तीमामा खटक्याकडे बोट दाखवीत म्हणाले. "नुसतं वर केलं."

प्राचार्यांनी चष्मा लावला. "परीक्षा इथेच," ते म्हणाले. "आणि त्या भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगा." मग जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाले, "माझ्या केबिनमधून फोन करा त्यांना. नाहीतर धावत येतील."

फोन काकूंनी उचलला. मी काही सांगण्याआधीच त्या बोलू लागल्या. "अगं, तूच बोलतेयस ना? हे सकाळपासून गॅलरीत उभे आहेत. डॉक्टरांनी आराम सांगितलाय, मी चारदा खुर्ची नेऊन दिली. म्हणतात, अजून उठलं नाही. काय उठायचंय ते तरी सांग मला."

"काकू, त्यांना सांगा, सगळी उठली. पहिल्या फेरीत नाही. पण उठली."

त्यांनी रिसीव्हर बाजूला धरून ते जसेच्या तसे सांगितलेले मला ऐकू आले. पलीकडून, लांबून, सरांचा आवाज आला. काकू परत फोनवर आल्या. "विचारतायत, कुणी उठवलं?"

मी केबिनच्या दारातून बाहेर पाहिले. व्हरांड्यात शबाना निवृत्तीमामांना काहीतरी समजावून सांगत होती आणि मामा दोन्ही हात वर धरून नाही नाही म्हणत होते.

"सांगा, कुणीच नाही."

काकूंनी सांगितले. फोनच्या तारेत नुसती खरखर होती. आणि मग फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.